मेजर सरांच्या नावाचा चौक

मार्च उजाडला की आमच्या भागात दोन गोष्टी हमखास दिसतात. बसथांब्यावर वहीत डोकं खुपसून उभी असलेली परीक्षेची पोरं, आणि रस्त्याकडेला तीन पायांवर यंत्र उभं करून त्यात एक डोळा मिटून बघणारे मोजणीवाले. मोजणी कधी मेट्रोची असते, कधी पुलाची. पिंपरीजवळच्या आमच्या चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीतून मला दोन्ही दिसतं. पंच्याऐंशी ओलांडलेल्या बाईला दुसरा उद्योग तरी काय असतो.

यंदा तिसरी गोष्ट दिसली. कोपऱ्यावर भलामोठा फलक लागला. ‘नियोजित मेजर प्रा. दिनकर खटावकर चौक. शौर्यपदकाचे मानकरी, ज्यांनी या परिसराचा पहिला नकाशा काढून उद्योगांच्या हाती सोपवला, त्या द्रष्ट्या महापुरुषास मानाचा मुजरा.’ खाली हात जोडलेल्या आठ जणांचे फोटो आणि त्यात माझा भाचा संभाजी. सरांचा फोटो कुणाला मिळाला नसावा, म्हणून कुठल्याशा मिशाळ फौजीचं चित्र चिकटवलेलं. सरांना मिशी नव्हती. पण मिशीचं काय घेऊन बसलात, त्या वाक्यात एकही शब्द धड खरा नाही. वाचलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

संभाजीला फोन लावला. तो म्हणाला, “अगं आत्या, लहानपणापास्नं ऐकत आलोय की मी. मिलिटरीवाल्या मास्तरानं नकाशा दिला अन् जमिनी गेल्या. आजोबा शिव्या घालायचे त्यांना. पण आता बघ ना, त्या जमिनी गेल्या, कंपन्या आल्या, म्हणून तर आपल्याला हे दिवस दिसले. त्या माणसाचे उपकारच म्हणायचे राव.”

म्हणजे आधी ज्या गोष्टीसाठी शिव्या, तिच्यासाठीच आता मुजरा. खरं काय ते पडताळून बघायची गरज ना आजोबांना वाटली, ना नातवाला. माझा राग या दोघांवर सारखाच आहे. आणखी एका व्यक्तीवर तो याहून जास्त आहे, तिच्याकडे येईनच.

एकोणीसशे पन्नासच्या दशकातली ती शेवटची वर्षं. आमचं गाव पवनेच्या काठापासून आत, ओढ्याच्या अंगानं पसरलेलं. पिंपरीला एक कारखाना उभा राहिला होता, आणखी येणार अशी कुजबुज होती. पण थेरगाव, काळेवाडी तेव्हा चार घरांची आणि पुष्कळ बाभळींची होती. मार्चमध्ये गव्हाची कापणी उरकलेली असायची. खळ्यावरचा भुसा वाऱ्यानं उडून केसांत, भाकरीत, पाण्याच्या घागरीत जायचा. चिंचा पिकलेल्या असायच्या. लिंबाला मोहोर आलेला, त्याचा कडसर गोड वास दुपारभर घरात भरून राहायचा. या वासात मी परीक्षेचा अभ्यास केला आहे. आजही कुठून तो वास आला की मी गॅलरीचं दार लावून घेते.

गावातून कॉलेजात गेलेली मी पहिली मुलगी. पुण्यात मामाकडे राहून बी.ए. करत होते, भूगोल घेऊन. आप्पा, म्हणजे माझे वडील आणि संभाजीचे आजोबा, गावात वजनदार. मुलीला शिकवतोय याचा त्यांना अभिमान होता, आणि लोकांनी तो बघावा अशी इच्छाही.

भूगोल शिकवायला मेजर सर होते. मूळचे साताऱ्याकडचे, तोफखान्यात भरती झाले, दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात होते. तिथं पदक मिळालं. लढाई संपल्यावर चांगली चालत असलेली नोकरी सोडली, पोरांबरोबर बाकावर बसून एम.ए. केलं आणि प्राध्यापक झाले. कॉलेजला या पदकाचं कोण कौतुक. सव्वीस जानेवारीला प्राचार्य त्यांना पदक लावून पहिल्या रांगेत बसवायचे आणि भाषणात तीनदा उल्लेख करायचे. सर झेंडावंदन झालं की पदक काढून खिशात टाकायचे, रुमाल टाकावा तसं.

शिकवण्याची त्यांची तऱ्हा वेगळी होती. पुस्तकातला भूगोल पंधरा दिवसांत उरकायचे आणि मग म्हणायचे, चला बाहेर. प्रत्येकाला आधी स्वतःचं पाऊल मोजायला लावायचे. दोनशे फुटांत तुमची पावलं किती, हे पाठ असलं पाहिजे. मग रानात चालताना डाव्या खिशात चिंचोके घ्यायचे आणि दर शंभर पावलांना एक चिंचोका उजव्या खिशात टाकायचा. मला खिसा नव्हता, मी पदराच्या दोन गाठी केल्या. सर म्हणाले, “खिशापेक्षा बरं आहे हे. गाठ सुटल्याशिवाय चूक होणार नाही.” एक पाऊल चुकलं तरी त्यांना चालायचं नाही. “अंदाज सांगू नका. अंदाज म्हणजे सभ्य भाषेतलं खोटं,” हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलं की त्यांच्यामागे त्याची नक्कल करायचो.

त्या वर्षी प्रात्यक्षिकासाठी त्यांनी आमचंच शिवार निवडलं. नदी, ओढा, माळ, चढ, विहिरी, सगळं दोन मैलांत मिळत होतं. फेब्रुवारीच्या शेवटी आम्ही बाराजण तिथं उतरलो. तीन पायांवरचा लाकडी पाट, त्यावर कागद, वर छत्री. जिथून रोख घ्यायचा, म्हणजे नेम धरून दिशा आखायची, तिथं एक दगड ठेवायचा आणि लांबून दिसावा म्हणून त्याला चुना फासायचा. असे चौदा दगड आम्ही शिवारभर मांडले.

तिसऱ्या दिवशी रेघा जुळेनात. आम्ही पुन्हा मोजलं, पुन्हा चिंचोके हलवले, तरी सात नंबरचा दगड कागदावर एकीकडे आणि जमिनीवर भलतीकडे. पोरांनी एकमेकांवर ढकलायला सुरुवात केली. सर दगडाजवळ गेले. खाली वाकून बघितलं. ढेकळांत दगड ओढत नेल्याची ओळ दिसत होती.

झालं होतं ते असं. चुना दिसला की जमीन सरकारात गेली, ही गावाची पक्की समजूत. पिंपरीच्या कारखान्याच्या वेळी त्यांनी चुन्याच्याच रेघा पाहिल्या होत्या. आता दगड काढून फेकावा तर सरकारी गुन्हा, आणि राहू द्यावा तर जमीन जाणार. म्हणून ज्याच्या रानात दगड निघाला त्यानं तो गुपचूप शेजारच्या भाऊबंदाच्या रानात सरकवला. शेजाऱ्यानं आणखी पुढच्याच्या. आमच्या आप्पांनी सात नंबरचा दगड माझ्या चुलत्यांच्या, किसनतात्यांच्या बांधाआड नेऊन ठेवला होता. तात्यांनी तो आमच्याच खालच्या तुकड्यात आणून टाकला. चौदातले अकरा दगड गावभर फिरून आले होते. मी शरमेनं अर्धी झाले. सर मात्र हसले, खदखदून. त्यांना तसं हसताना आम्ही कुणी बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते एकटे मारुतीच्या देवळात गेले. आप्पांनी घोंगडं टाकून बसवलं. गाव जमलं होतं.

“सर, खरं सांगा,” किसनतात्या म्हणाले, “ही मोजनी कशापाय चाललीया? आमी अडानी मानसं, पर इतकंबी न्हाई.”

“पोरांच्या परीक्षेसाठी चाललीय,” सर म्हणाले. “नकाशा निघेल, तो पोरांच्या वहीत राहील, परीक्षक बघतील, मार्क देतील. संपलं. कुणाची जमीन घ्यायला हा कागद वापरला जाणार नाही.”

“ह्ये तुमी म्हनता. वरचं सायेब ऐकत्याल व्हय?”

“कागद माझ्या कॉलेजच्या बाहेर जाणार नाही. हा माझा शब्द.”

आप्पा म्हणाले, “मेजर मानूस हाय. शब्द म्हनतोय म्हंजी शब्द.” आणि गावानं मान डोलावली. त्यानंतर एकही दगड हलला नाही. उलट आमच्यासाठी ताक येऊ लागलं. म्हातारी माणसं स्वतः येऊन सांगू लागली की ह्या विहिरीला मार्चात किती पाणी, ती कधी आटते, ओढ्याच्या कुठल्या वळणावर झरा आहे. सरांनी ते सगळं मांडायला लावलं. मोजणी खात्याच्या कागदावर बांध असतात, पाणी नसतं. आमच्या नकाशावर पाणी होतं. जिला भर उन्हाळ्यातही पाणी असायचं, ती विहीर पूर्ण निळी, जी आटायची ती नुसती कडेनं निळी. पूर्ण निळ्या तीनच होत्या. त्यातली एक आमची.

एका दुपारी जेवताना कुणीतरी सरांना पदकाचं विचारलं. इतके दिवस ते विषय टाळत. त्या दिवशी बोलले, भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून. तिकडे एका टेकाडावर दोन दिवस पडून राहून त्यांनी समोरच्या गावाचा नकाशा काढला होता. शत्रू तिथं दडला होता. घरं, वाट, पिंपळासारखं एक झाड, विहीर, सगळं बरोबर मांडलं. “माझी रेघ एका यार्डानंही चुकली नव्हती,” ते म्हणाले. “तोफा त्याच रेघांवर चालल्या. नंतर आम्ही त्या गावात गेलो. विहीर दिसली नाही. गाव रिकामं आहे असं मला सांगितलं होतं, ते रिकामं नव्हतं. त्याबद्दल पदक मिळालं.” मग त्यांनी भाकरी खाल्ली आणि आम्हाला उठायला सांगितलं.

म्हणून मला त्या फलकाची इतकी चीड आहे. ज्या माणसानं आपला नकाशा पुन्हा कुणाच्या विहिरीवर उठू नये म्हणून वर्दी उतरवली, त्याला तुम्ही जमिनी घेऊन दिल्याबद्दल मुजरे करता? चौकात उभं राहून?

आता त्या तिसऱ्या व्यक्तीविषयी. बाराजणांत माझा हात सगळ्यांत चांगला, म्हणून पक्का नकाशा मी काढावा असं ठरलं. आठ दिवस मी मामाच्या घरी पाटावर ओणवी बसून तो काढला. मार्चच्या मध्याला पुरा झाला. सर त्या आठवड्यात दुसऱ्या गावी परीक्षक म्हणून गेले होते. प्राचार्यांचा शिपाई वर्गात आला, म्हणाला, नकाशा घेऊन बोलावलंय. खोलीत दोन पाहुणे बसले होते, सुटाबुटातले. प्राचार्य म्हणाले, “बेटा, यांना आपल्या विद्यार्थ्यांचं काम बघायचंय.” मी नकाशा टेबलावर पसरला. पाहुणे खुर्चीतून उठले. एकानं चष्मा काढून विचारलं, “हे मुलीनं काढलंय?” दुसऱ्यानं विहिरींवर बोट ठेवून विचारलं, निळ्या रंगाचा अर्थ काय. मी तो सांगितला. घडाघडा, न अडखळता, तोंडी परीक्षा असल्यासारखा. “शाब्बास,” ते म्हणाले. “दोन दिवस ठेवून घेतला तर चालेल ना?”

देवळात सरांनी शब्द दिला तेव्हा तो मी समोरच्या आमच्या दाराआडून ऐकला होता. कागद कॉलेजबाहेर जायचा नाही हे मला पाठ होतं. मला कुणी दरडावलं नाही, कुणी फसवलंही नाही. मला ते शाब्बास गोड लागलं, इतकंच. मी म्हणाले, चालेल.

सर परत आल्यावर त्यांनी एकदाच विचारलं, “पक्की प्रत कुठं आहे?” मी सांगितलं. त्यांनी हातातली पेन्सिल आणि चाकू टेबलावर ठेवला आणि प्राचार्यांच्या खोलीकडे गेले. दार उघडंच होतं, आम्ही जिन्यात उभे होतो.

“अहो मेजर, देशाचं काम आहे,” प्राचार्य म्हणत होते. “कारखाने यायचेत, पोरांना कामं मिळायचीत. तुमच्यासारख्या सैनिकानं तरी खळखळ करू नये.”

“मी शब्द दिलाय.”

“कुणाला? त्या खेडुतांना?”

पुढचं ऐकू आलं नाही. सर बाहेर आले. दुसऱ्या दिवशी कळलं की त्यांनी राजीनामा लिहून दिला, परीक्षा होईपर्यंत शिकवीन आणि मग जाईन. नकाशा परत आला नाही. प्राचार्यांनी पुढच्या सव्वीस जानेवारीला दुसरा कुणी पदकवाला शोधला असेल.

आठ-दहा दिवसांत गावात मोजणीवाले उतरले, खरे. गावाला वाटायचं घेतील तर वरचा माळ घेतील, मुरूमच आहे तिथं. त्यांनी माळाकडे ढुंकून बघितलं नाही. खुंट्या ओढ्याकाठी ठोकल्या, तिन्ही निळ्या विहिरींना कवेत घेऊन. आमच्या नकाशानं हे झालं, की तो नसता तरी तिथंच ठोकल्या असत्या, मला कधीच कळलं नाही. पुढे मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, आणि नद्या रंगवताना पोरांनी निळा खडू मागितला की दर वेळी मला तेच आठवायचं. सर मराठवाड्यातल्या एका नव्या कॉलेजात गेले. मी एकदा पत्र लिहिलं, चार पानी, माफीचं. त्यांचं कार्ड आलं, त्यात विचारलं होतं की भूगोलाच्या दुसऱ्या पेपरात किती मार्क पडले. पुढे ते वारल्याचं मला तीन महिन्यांनी समजलं.

त्या फलकावर ‘सोपवला’ असा शब्द आहे. सरांनी काय सोपवलं ते मी डोळ्यांनी बघितलं आहे.

परीक्षेला आठवडा राहिला होता, मी वाचनाची सुट्टी म्हणून गावी आले होते. सर पुण्याहून सायकल मारत आले, भर दुपारी, कुणी न बोलावता. गाव देवळात जमलं. बायकांनी तिथं बसायची रीत नव्हती, आम्ही समोरच्या आमच्याच घराच्या दाराआड उभ्या होतो. या वेळी कुणी घोंगडं टाकलं नाही. सर उभेच राहिले. शर्ट पाठीला चिकटला होता.

“मी शब्द दिला होता, तो पाळला गेला नाही,” ते म्हणाले. “हे तुम्हाला तोंडावर सांगायला आलोय. सरकारात अर्ज द्यायचा असेल तर लिहून देतो, तुमच्याबरोबर येतो.”

माणसं आप्पांकडे बघू लागली. मग आप्पा पुढे झाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. “अर्जाचं मागनं बघू. आदी मला ह्ये सांगा, कागद भाईर गेला कसा? तुमी तर भाईरगावी हुता म्हनं त्या वक्ताला. मंग कुनी दिला?”

सरांना आमचं घर माहीत होतं. मी कुठं उभी असेन तेही त्यांना ठाऊक असणार. त्यांनी दाराकडे बघितलं नाही.

“मी दिला,” ते म्हणाले.

“तुमी सवता?”

“मी स्वतः.”

एका पावलाचीही चूक खपवून न घेणारा माणूस देवळात उभा राहून खोटं बोलत होता, आणि ते खोटं आहे हे तिथल्या शंभर माणसांत फक्त मला माहीत होतं. किसनतात्या त्यांच्या पायापाशी थुंकले. आप्पा म्हणाले, “आजपास्नं ह्या शिवारात पाऊल टाकू नगा.” सरांनी मान हलवली, सायकल घेतली आणि निघून गेले.

एक पाऊल. दार ओलांडायला एकच पाऊल लागलं असतं. मी चौकटीला धरून उभी राहिले.

आप्पा घरी आले, पायरीवर बसले, मी पाणी दिलं. तांब्या तसाच हातात धरून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

“तू बी त्या कालिजातच हुतीस की,” ते म्हणाले. “तुला ह्यातलं काय ठावं हुतं?”

मी म्हणाले, “न्हाई, आप्पा.”